‘अग्ली’ म्हणजे कुरूप. पण कुरूप कोणास म्हणावें?
(एका खेड्यांतील वाचनालयांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून पुष्कळांस हंसूं आलें असेल. पेरणी, कर्ज, पाटाचें पाणी, मुलांचें शिक्षण हे विषय सोडून हा गृहस्थ एका इंग्रजी विशेषणावर काय बोलणार, असें कोणी मनांत म्हणत असेल. परंतु शब्द ही कांहीं निरुपद्रवी वस्तु नाहीं. ज्याच्या तोंडीं शब्द असतो त्याच्या हातीं काठी असते. ती कोणावर उगारली जाते आणि वळ कोणाच्या पाठीवर उठतात, हें पाहणें आपलें काम आहे. आपलीं मुलें आज शाळेंत इंग्रजी शिकतात. पहिल्या चारदोन वर्षांतच जीं विशेषणें त्यांच्या तोंडीं बसतात, त्यांत ‘अग्ली’ हें एक आहे. पुस्तकांत त्याच्यापुढें ‘कुरूप’ एवढाच अर्थ दिलेला असतो. मूल तो पाठ करतें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांतल्या एखाद्या काळ्यासांवळ्या मुलीवर तो शब्द फेकतें. आईबापांना इंग्रजी येत नसलें तर मुलगी कां रडत घरीं आली हें त्यांना कळतही नाहीं. यास्तव हा शब्द कोठून आला, इंग्रजी बोलणारे तो कसा वापरतात, आणि आपण तो कसा वापरावा, हें सांगण्याकरितां मी उभा आहें.

प्रथम शब्दाचें कुळ पाहूं. हा शब्द मूळ इंग्रजांच्या घरचा नव्हे. इसवी सनाच्या नवव्या शतकापासून नॉर्वे व डेन्मार्ककडील दर्यावर्दी लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत येऊन राहूं लागले. आले ते लुटारू म्हणून; पुढें त्यांतलेच पुष्कळ नांगर धरून तेथले शेतकरी झाले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेंत ‘उग्ग’ या धातूचा अर्थ भय असा होता, आणि ज्याचें भय वाटावें अशा वस्तूला ते ‘उग्गलिग्र’ म्हणत. तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजी लेखनांत आला. म्हणजे प्रथम त्याचा अर्थ ‘भयंकर’ असाच होता. ‘दिसावयास वाईट’ हा अर्थ मागाहून चिकटला. आपल्या ‘उग्र’ शब्दाशीं त्याचें नातें जोडण्याचा कोणास मोह होईल. पण नुसता आवाज सारखा म्हणून सोयरीक जुळत नाहीं.

भयाचा आणि कुरूपतेचा हा संबंध शेतकऱ्यास शिकविण्याची गरज नाहीं. आपण शेतांत बुजगावणें उभें करतों, तेव्हां त्याच्या डोक्यावर काळें मडकें ठेवून त्यावर चुन्याचे डोळे कां काढतों? पांखरांनीं भ्यावें म्हणून. बुजगावणें देखणें झालें तर त्याचा उपयोग काय? नव्या घराच्या बांधकामावर काळी बाहुली टांगतात, तान्ह्या मुलाच्या गालावर काजळाची तीट लावतात, आणि मुलें जगत नसलीं म्हणजे पुढच्या मुलाचें नांव दगडू, धोंडू, केरू असें ठेवतात. वाईट नजरेनें भ्यावें किंवा तिकडे पाहूंच नये, अशी त्यामागील समजूत. ती समजूत खोटी आहे, आणि मूल दगावतें तें रोगानें व उपासमारीनें, नजरेनें नव्हे, हें मी आपणांस निराळें सांगावयास नको. परंतु कुरूप म्हणजे भिवविणारें, हा अर्थ आपल्याही घरांत होता, हें यावरून दिसतें. आपल्या ‘भेसूर’ या शब्दांत तो अजून शिल्लक आहे.

आतां इंग्रजींतील उपयोग पाहूं. एखादी जखम ‘अग्ली’ आहे असें म्हटलें, तर ती दिसावयास वाईट एवढाच अर्थ नसतो. ती चिघळेल, तिला जपलें पाहिजे, असा इशारा त्यांत असतो. खलाशी आभाळाला ‘अग्ली’ म्हणतो तेव्हां वादळ येणार असें तो सांगतो. जमाव ‘अग्ली’ झाला म्हणजे जमाव बिथरला, आतां दगडफेक व्हावयाची. ‘अग्ली कस्टमर’ याचा शब्दशः अर्थ कुरूप गिऱ्हाईक असा होईल. पण त्याचा खरा अर्थ, ज्याच्या वाटेस जाऊं नये असा धोक्याचा माणूस. खोटी कंडी पिकली तर ती ‘अग्ली’, भांडण हातघाईवर आलें तर तें ‘अग्ली’, आणि झांकून ठेवलेली लाजिरवाणी गोष्ट उघडी पडली तर तेंही ‘अग्ली’ सत्य. इमारत, रस्ता, कपडा या वस्तूंनाही तो शब्द लावतात. तुलना करावयाची असल्यास ‘अग्लियर’ म्हणजे अधिक कुरूप व ‘अग्लिएस्ट’ म्हणजे सर्वांत कुरूप. विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे परीक्षेपुरतें काम झालें.

परंतु परीक्षेबाहेरचें एक आहे. इंग्रजी बोलणारा सभ्य माणूस हा शब्द सहसा दुसऱ्या माणसाच्या तोंडावर वापरीत नाहीं. तो ‘प्लेन’ म्हणजे साधा म्हणेल, ‘देखणा नव्हे’ म्हणेल, किंवा गप्प बसेल. ज्या शब्दाच्या पोटांत भय आणि किळस दोन्ही आहेत, तो माणसावर टाकला म्हणजे आपण त्यास बुजगावण्याच्या जागीं उभा करतों, हें त्यांस ठाऊक आहे.

तथापि त्यांच्यांतही असा काळ होता कीं, हा विचार कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला. अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्को शहरानें १८६७ सालीं आणि शिकागो शहरानें १८८१ सालीं असे नियम केले कीं, जो कोणी रोगानें, अपघातानें वा जन्मतः विद्रूप झाला असेल आणि ज्याचें दर्शन लोकांस किळसवाणें वाटेल, त्यानें सार्वजनिक रस्त्यावर आपलें रूप दाखवूं नये, दाखविल्यास शिक्षा. इतरही शहरांनीं त्यांचें अनुकरण केलें. पुढें या नियमांना ‘अग्ली लॉज’ म्हणजे कुरूपतेचे कायदे असें नांव पडलें. त्या काळीं अशीं माणसें शहरांत कोठून आलीं होतीं? १८६१ ते १८६५ पर्यंत तेथें यादवी युद्ध झालें, त्यांत हजारों शिपायांचे हातपाय गेले. कारखान्यांत व रेल्वेवर मजुरांचीं बोटें तुटत, पाय चिरडत. भरपाई नाहीं, काम नाहीं. भीक मागण्यावांचून गति नाहीं. म्हणजे ज्यांच्या श्रमावर शहर उभें राहिलें त्यांचें अंग मोडलें, आणि मग शहर म्हणूं लागलें कीं तुमचें मोडकें अंग आमच्या डोळ्यांस खुपतें, घरांत बसा! श्रीमंताचा लंगडा पाय गाडींतून जाई, त्यास कोणी अडवीत नसे. नियम गरिबाच्या पायासाठीं होता. शिकागोचा हा नियम १९७४ सालीं रद्द झाला. त्र्याण्णव वर्षें तो पुस्तकांत होता! पुढें १९९० सालीं अमेरिकेनें अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा केला.

आपल्याकडे असा लेखी नियम नसेल; पण लंगड्या, काण्या, थोट्या हीं नांवें गांवानें ठेवलेलीं आहेतच ना? माणूस मरेपर्यंत त्याचें खरें नांव कोणास ठाऊक नसतें. बंधूंनो, आपल्या देशांत २०१६ सालीं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणें अपंग माणसास चारचौघांत, त्याची मानहानि करण्याच्या हेतूनें, जाणूनबुजून अपमान करणें हा गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. शिकागोचा नियम कुरूप म्हटलेल्या माणसास शिक्षा करी. हा कायदा हिणवणाऱ्यास शिक्षा करतो. जग किती उलटें फिरलें पहा! चावडीवर बसणाऱ्यांनीं हें कलम एकदां कोणाकडून वाचून घ्यावें.

कुरूपतेबद्दल कीर्तनांतून अष्टावक्राची गोष्ट आपण ऐकलेली असते. आठ ठिकाणीं वांकडा असलेला तो मुलगा जनकाच्या सभेंत गेला, तेव्हां पंडित त्यास पाहून हंसले. तो म्हणाला, मला वाटलें ही ज्ञानी लोकांची सभा असेल, पण ही तर चांभारांची सभा निघाली. तुम्ही कातडें तेवढें पाहतां. येथें श्रोते माना डोलावतात. माझा येथें एक सवाल आहे. पंडितांच्या उर्मटपणाचें खापर चांभाराच्या डोक्यावर कां? चांभार कातडें पारखतो तें कोणास हिणवण्याकरितां नव्हे. कोठें टिकेल, कोठें फाटेल, टांका कोठें धरेल हें तो पाहतो, आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याचेंही उन्हातान्हांत पाय वांचवणारें पायताण करतो. सभेंतील पंडितांनीं तर जिवंत माणूसच टाकावू ठरविला! एकाचा अपमान धुवून काढतांना दुसऱ्या कष्टकऱ्याच्या धंद्यावर घाण टाकूं नये. ही गोष्ट सांगावयाची तर एवढी दुरुस्ती करून सांगा.

चांभाराचें नांव निघालें म्हणून एका चांभाराच्या मुलाची हकीकत सांगतों. डेन्मार्क देशांत ओडेन्स गांवीं १८०५ सालीं हान्स क्रिश्चन अँडरसन जन्मला. बाप जोडे शिवणारा, आई लोकांचे कपडे धुणारी. मुलगा अंगानें किडकिडीत, उंच, नाक मोठें. लोक त्यास हंसत. हाच पुढें मुलांच्या गोष्टी लिहून जगप्रसिद्ध झाला. १८४३ सालीं त्यानें एका कुरूप बदकपिल्लाची गोष्ट लिहिली. इंग्रजींत तिला ‘अग्ली डकलिंग’ म्हणतात, आणि ती आपल्या शाळांतही सांगतात. अंगणांतलीं सारीं बदकें त्या पिल्लाला टोंचतात, हांकलतात. शेवटीं कळतें कीं तें बदक नसून राजहंसाचें पिल्लू आहे, आणि मग सर्व त्याची वाहवा करतात.

गोष्ट गोड आहे. दुबळ्यास धीर देणारी आहे. परंतु आपण कष्टकरी लोकांनीं ती डोळे उघडे ठेवून ऐकावी. त्या पिल्लाचा छळ चूक होता तो कां? तें हंसाच्या अंड्यांतून निघालें म्हणून? समजा, तें खरोखरीच बदकाचें कुरूप पिल्लू असतें, आणि मोठें झाल्यावरही कुरूपच राहिलें असतें, तर त्यास टोंचणें योग्य ठरलें असतें काय? जन्मावरून मोठेपणा ठरविण्याचा जो रोग आपल्या समाजास हजारों वर्षें जडला आहे, त्याचीच ही एक छटा नव्हे काय? ‘आज हिणवतां, पण मी मूळचा उंच कुळांतला निघालों तर?’ या आशेवर जगणें म्हणजे कुळाचाच तोरा मान्य करणें होय. आपण म्हटलें पाहिजे, मी बदक आहें, बदकच राहणार, आणि तरीही मला कोणी टोंचूं नये. मुलांना ही गोष्ट अवश्य सांगा. पण शेवटीं हा प्रश्न त्यांस विचारा.

याहून मला आवडते ती एक दुसरी गोष्ट. १९५८ सालीं बर्डिक आणि लेडरर या दोघांनीं मिळून एक कादंबरी लिहिली, तिचें नांव ‘दि अग्ली अमेरिकन’. हें नांव हल्लीं परदेशीं जाऊन उर्मटपणा करणाऱ्या अमेरिकन माणसास शिवीसारखें लावतात. परंतु पुस्तकांत ज्याला कुरूप म्हटलें आहे तो उर्मट साहेब नव्हेच! तो आहे होमर ॲटकिन्स नांवाचा एक यंत्रकाम जाणणारा माणूस. चेहऱ्यानें ओबडधोबड, हातांना घट्टे, नखांत वंगण. गोरेगोमटे, इस्त्रीच्या कपड्यांतले सरकारी साहेब मोठमोठे रस्ते आणि धरणें यांच्या गोष्टी बोलत असतात. हा म्हणतो, गांवकऱ्याला आधीं त्याच्या हातानें करतां येईल असें कांहीं द्या. सारखान नांवाच्या एका कल्पित आशियाई देशांत डोंगरउतारावरच्या शेतांना पाणी वर चढवावयाचें असतें. ॲटकिन्स तेथें जाऊन बांबूच्या नळ्या, जुन्या जीपगाडीचे दट्टे आणि सायकलचे पायटे यांचा पंप बनवितो. त्या कामांत त्यास गांवचा एक कारागीर मिळतो. तोही दिसावयास असाच ओबडधोबड. तो साहेबापुढें माना डोलावीत नाहीं. तो दोष काढतो. गरिबाकडे सायकल एकच असते, ती पंपांत कायमची अडकली तर त्यानें गांवोगांव जावें कसें? मग सायकल न मोडतां तिच्यावर पंप चालविण्याची युक्ति हा कारागीरच काढतो. दोघे भागीदार होतात, आणि कारखाना चालूं होतो.

ॲटकिन्सची बायको एमा हिची हकीकत आमच्या भगिनींनीं ऐकण्यासारखी आहे. त्या गांवांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाठी वांकलेल्या असतात. लोक म्हणतात, म्हातारपणीं असें व्हावयाचेंच. एमा पाहते कीं, या बाया जन्मभर आंखूड झाडूनें वांकून झाडतात. लांकूड महाग म्हणून दांडा आंखूड. ती लांब देंठाची एक वनस्पति शोधून आणते, दारांत लावते, तिचा लांब दांड्याचा झाडू करून उभ्यानें झाडूं लागते. कोणास उपदेश करीत नाहीं. शेजारणी बघतात आणि तसेंच करूं लागतात. आपल्या घरांतल्या केरसुणीकडे आणि आपल्या आईच्या पाठीकडे आज घरीं गेल्यावर एकदां पहा. वांकलेली पाठ हें कुरूप रूप नव्हे. ती कामाची पावती आहे, आणि थोड्या अकलेनें ती टाळतां आली असती, हें जास्त लागणारें आहे.

या गोष्टींत ॲटकिन्स शेवटपर्यंत हंस होत नाहीं. तो कुरूपच राहतो. त्याचें मोल कामानें ठरतें. ही गोष्ट कल्पित असली तरी आपल्या सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्या घरीं रोज घडणारी आहे.

आतां शेवटचा आणि आपल्या घरांत शिरलेला मुद्दा. इंग्रजींत ‘होमली’ असा एक शब्द आहे. इंग्लंडांत त्याचा अर्थ साधें, घरगुती, ऊब देणारें. अमेरिकेंत तोच शब्द माणसाला लावला तर त्याचा अर्थ रूपानें बेताचा, म्हणजे ‘अग्ली’चाच सौम्य भाऊ. आणि आपल्या देशांतील लग्नाच्या जाहिरातींत ‘होमली मुलगी पाहिजे’ म्हणजे घरकामांत दक्ष व आज्ञेंत राहणारी. अमेरिकेंतला माणूस ही जाहिरात वाचील तर म्हणेल, या देशांत लोक मुद्दाम कुरूप मुली शोधतात कीं काय! पण हंसण्यावारी नेऊं नका. त्या जाहिरातींत ‘होमली’च्या शेजारीं दुसरा शब्द असतो ‘फेअर’, म्हणजे गोरी. इंग्रजींत ‘फेअर’चा दुसरा अर्थ न्यायाचें, निष्पक्षपातीपणाचें असा आहे. रंग गोरा मागणारे लोक न्याय मात्र मागत नाहींत, हें नवल! १९७५ सालीं याच शब्दाचें नांव धारण करून ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम आपल्या देशांत बाजारांत आलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलें गेलें. डबीवरचा शब्द गेला. लग्नाच्या बैठकींतला गेला काय?

मुलगी सांवळी असली कीं पाहुणे चहा पिऊन ‘कळवितों’ म्हणून जातात. मग मध्यस्थ येतो आणि हुंड्याचा आंकडा वाढवून सांगतो. हुंडा घेणें व देणें १९६१ च्या कायद्यानें गुन्हा आहे; तरी बाप गुपचूप एकरभर रान गहाण टाकतो. म्हणजे मुलीच्या कातडीच्या रंगापायीं काळी जमीन सावकाराकडे जाते! बंधूंनो, आपण रानाला काय म्हणतों? काळी. काळी आई म्हणतों. जमीन जितकी काळी तितकी कसदार, कापूस आणि ज्वारी तिच्यांत पिकते, असें अभिमानानें सांगतों. पंढरीच्या विठोबाला सांवळा म्हणून आळवतों. आणि घरांत पोर सांवळी जन्मली कीं तोंड वाकडें करतों. हा कोणता न्याय? कातडीचा रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्यानें येतो, आणि तें द्रव्य उन्हापासून अंगाचें रक्षण करतें. उन्हांत राबणाऱ्या लोकांना निसर्गानें दिलेली ती ढाल आहे. तिला डाग समजून पैसे देऊन घासून काढावयास निघणें यासारखा वेडेपणा नाहीं. ‘नावडतीचें मीठ अळणी’ म्हणतात. मिठांत दोष नसतो, जिभेंत असतो.

तेव्हां आपण करावयाचें काय? घरांत मुलाला रंगावरून वा अंगाच्या व्यंगावरून हांक मारूं नये; बापानें ठेवलेलें टोपणनांव शाळेंतलीं मुलें उचलतात. शाळेंत असा शब्द कोणी फेकला तर पालकांनीं दोघांनीं मिळून गुरुजींकडे जावें. एकट्यानें जाऊं नये. सोयरीक पाहतांना मुलीच्या रंगाची चौकशी सुरू झाली, तर मुलीच्या बापानें मुलाचा धंदा, व्यसन, शिक्षण व कर्ज यांची चौकशी तितक्याच मोठ्यानें सुरू करावी. आणि मुलाच्या बापानें आपल्या घरांत आरसा आहे कीं नाहीं तें आधीं पहावें.

‘अग्ली’ हा शब्द मात्र टाकून देऊं नका. तो कामाचा आहे. त्याची जागा चुकली आहे, एवढेंच. मूळ अर्थ आठवा: ज्याचें भय वाटावें तें. पाणवठ्यावर माणसाला अडविणें, सुनेला हुंड्यासाठीं छळणें, दारू पिऊन बायकोवर हात टाकणें, अडलेल्याकडून दामदुप्पट काढणें, या गोष्टींचें भय वाटलें पाहिजे. त्यांच्यावर हा शब्द खुशाल टाका; तेथें तो नेमका बसतो. माणसाच्या चेहऱ्यावर तो बसत नाहीं. आपल्या पोराबाळांना इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारा, आपल्याला येत नसला तरी विचारा. आणि हा शब्द आला कीं त्यांना विचारा, बाळ, हा कोणावर वापरलास?